विक्रीआधी डिस्क कोऱ्या करणे : प्रकल्प नोंदी

कामाचं स्वरूप : वापरातून काढलेले डेस्कटॉप, लॅपटॉप, मॅकबुक आणि एक क्रोमबुक विकायचे आहेत. घेणाऱ्याने रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं तरी जुन्या मालकाची एकही फाइल हाती लागता कामा नये. प्रत्येक डिस्क कशी पुसली आणि पुसली गेल्याची खात्री कशी केली, हे सीरियल नंबरसह वहीत उतरलं पाहिजे. पुसण्याचा आदेश देणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे डिस्क परत वाचून बघणं, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी सुटतं.

३ जून : यादी

प्रत्येक मशीनचं झाकण उघडून आत काय आहे ते बघितलं. विंडोजमध्ये दिसतं तेवढ्यावर यादी करायची नाही. एका डेस्कटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क जागेवर होती, पण तिची पॉवर केबल काढून ठेवलेली. विंडोजला ती दिसत नव्हती, विकत घेणाऱ्याला मात्र दिसली असती. काही लॅपटॉपमध्ये २.५ इंची ड्राइव्हच्या जोडीला एम.२ स्लॉटमध्येही (मदरबोर्डवरच्या छोट्या खाचेत) पट्टीसारखा ड्राइव्ह असतो. ती पट्टी १६ किंवा ३२ जीबीची इंटेलची ऑप्टेन असेल तर कॅशे (वेगासाठी जवळ ठेवलेली प्रत) म्हणून वापरलेला खरा डेटा तिच्यातही असतो. हायब्रिड हार्ड डिस्कच्या पोटातही थोडी फ्लॅश (पेनड्राइव्हसारखी चिप) असते. कार्ड रीडरमध्ये विसरलेली मेमरी कार्डं काढली. डीव्हीडी ड्राइव्हचे ट्रे पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घालून वीज नसतानाही उघडता येतात, तेही तपासले.

प्रत्येक ड्राइव्हच्या लेबलवरून मॉडेल, सीरियल, क्षमता आणि प्रकार लिहून घेतला. सीरियल फार महत्त्वाचा. लिनक्समध्ये ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं प्रत्येक बूटला बदलू शकतात. पुसण्याचा आदेश देण्याआधी स्क्रीनवरचा सीरियल वहीतल्या सीरियलशी जुळवायचा, नाव बघून आदेश द्यायचा नाही.

एम.२ पट्टी साटाची आहे की एनव्हीएमई (ड्राइव्ह जोडण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती), हे खाचेवरून पक्कं कळत नाही. दोन खाचा असलेली पट्टी बहुधा साटा असते, पण तशी काही एनव्हीएमईही असते. लेबल वाचावं. दोघींना लागणारे आदेश पूर्ण वेगळे आहेत.

४ जून : डेटा बाहेर काढणे

‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ कॉपी केलं की झालं, असा समज असतो. त्यात हमखास राहून जातं ते असं : आउटलुकच्या ईमेल साठवणाऱ्या पीएसटी फाइल्स, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क, हिशेबाच्या सॉफ्टवेअरने सी ड्राइव्हवर स्वतःच्याच फोल्डरात ठेवलेला डेटा, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइल्स आणि डिजिटल सहीचं प्रमाणपत्र. शेवटची गोष्ट सगळ्यात घातक. प्रमाणपत्राची खासगी किल्ली विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये असेल तर ती ‘पीएफएक्स’ फाइल म्हणून, पासवर्ड घालून एक्स्पोर्ट करावी लागते. एक्स्पोर्टला परवानगी नसलेली किल्ली डिस्कसोबत कायमची जाते, म्हणून अशा ठिकाणी आधी नवं प्रमाणपत्र मिळवायचं आणि मग मशीनला हात लावायचा.

कॉपी दोन वेगळ्या बाहेरच्या ड्राइव्हवर. प्रत्येक फाइलचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून यादी केली आणि ती दुसऱ्या संगणकावर ताडून बघितली. शिवाय प्रत्येक बॅकअपमधल्या काही फाइल्स उघडून पाहिल्या. हॅश जुळणं म्हणजे कॉपी बरोबर झाली इतकंच. मूळ फाइलच खराब असेल तर हॅश खराब फाइलचाही बिनचूक जुळतो.

वनड्राइव्हसारखं सिंक चालू असलेल्या मशीनवर स्थानिक फाइल्स हाताने डिलीट करू नयेत. सिंक ती डिलीट क्लाउडवरही पोचवतं. आधी संगणक खात्यापासून अनलिंक करायचा. खरं तर पूर्ण डिस्कच पुसायची असताना एकेक फाइल उडवण्यात अर्थच नाही.

५ जून : खाती, कुलपं

हे डिस्क पुसायच्या आधी करावं लागतं, नंतर मशीनवर लॉग-इनच उरत नाही. सॉफ्टवेअरची लायसन्स डीॲक्टिव्हेट केली. चॅट ॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून हे संगणक फोनवरून काढले. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या उपकरणांच्या यादीतूनही काढले, पण त्याआधी त्याच खात्यात पडलेली बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की टिपून घेतली. बॅकअपमध्ये काही राहिलं असं लक्षात आलं, तर डिस्क पुसेपर्यंत ती लागू शकते.

संस्थेने नियंत्रित केलेले संगणक ऑटोपायलटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या उपकरण नोंदणी सेवेत) नोंदलेले असतील तर नुसती ती नोंद काढायला विसरल्याने व्यवहार फसतो. डिस्क कितीही स्वच्छ असो, नवी विंडोज टाकून इंटरनेट जोडलं की ती संस्थेचंच लॉग-इन मागते. नोंद ॲडमिन कन्सोलमधूनच काढावी लागते. बायोसचे (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) पासवर्डही आजच काढले.

६ जून : फॉरमॅट का चालत नाही

एका डेस्कटॉपवर मुद्दाम करून बघितलं. जुन्या फोटोंचं फोल्डर डिलीट, रिसायकल बिन रिकामा, मग संपूर्ण पार्टिशनला क्विक फॉरमॅट. त्यानंतर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यावरूनच थेट लिनक्स सुरू होतं) फोटोरेक हे फाइल परत मिळवणारं सॉफ्टवेअर चालवलं. फोटो परत आले. फाइलची नावं आणि फोल्डरची रचना गेली होती, चित्रं मात्र शाबूत.

कारण सोपं आहे. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल मांडण्याच्या पद्धतीत, प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलात असते. डिलीट केलं की त्या नोंदीवर ‘जागा मोकळी’ अशी खूण होते. क्विक फॉरमॅट टेबल नव्याने मांडतं. डेटाच्या सेक्टरांना (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांना) दोघंही हात लावत नाहीत. हजेरीपटावरून नाव खोडलं तरी विद्यार्थी वर्गात बसलेलाच असतो. फोटोरेक टेबलाकडे बघतच नाही, ते सेक्टरमागून सेक्टर वाचत फाइलच्या सुरुवातीच्या ओळखीच्या बाइट्स शोधतं. जेपेगची सुरुवात नेहमी एफएफ, डी८, एफएफ अशी होते, ती दिसली की तिथून पुढचं उचलतं.

अगदी छोट्या, काहीशे बाइटच्या फाइल्स तर एनटीएफएस वेगळ्या जागी ठेवतच नाही, टेबलातल्या १ केबीच्या नोंदीतच बसवतं. पासवर्ड लिहून ठेवलेली चार ओळींची टेक्स्ट फाइल अशी असते. ‘मोकळी जागा पुसणारी’ सगळीच सॉफ्टवेअर टेबलातल्या या नोंदींपर्यंत पोचत नाहीत.

विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सेक्टरांवर शून्य लिहितं, एक्सपीत तसं नव्हतं. विंडोज १० आणि ११ च्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडल्यावर ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करावं लागतं. ते आपोआप चालू नसतं.

लोक हे करत नाहीत याचा ठोस पुरावा २००३ सालचा आहे. सिमसन गारफिंकल आणि अभी शेलट यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या.

९ जून : हार्ड डिस्क

आता खरं पुसणं. आधी हार्ड डिस्क, कारण त्या सरळ वागतात : ज्या पत्त्यावर लिहाल तिथेच सहसा लिहिलं जातं.

सुरुवात लपलेल्या भागापासून. लिनक्समधल्या एचडीपार्म या आदेशाला मोठा ‘एन’ पर्याय दिला की डिस्क किती सेक्टर दाखवते आणि तिच्यात खरे किती आहेत, हे दोन आकडे येतात. एका ५०० जीबी डिस्कने दाखवलं ९७,६७,७१,०५५ आणि खरे ९७,६७,७३,१६८. फरक २,११३ सेक्टरांचा, म्हणजे साधारण १ एमबी. हा होस्ट प्रोटेक्टेड एरिया. काही मदरबोर्ड बायोसची प्रत ठेवायला तो आपोआप काढतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण तो उघडल्याशिवाय पुसलं तर तेवढा भाग तसाच राहतो. त्याच पर्यायात छोट्या ‘पी’नंतर पूर्ण आकडा देऊन तो कायमचा उघडला. हा आदेश एका पॉवर-सायकलमध्ये एकदाच चालतो. दुसऱ्यांदा दिल्यावर नकार आला तर मशीन पूर्ण बंद करून परत चालू करायचं.

पुसायला एनवाइप हे सॉफ्टवेअर. पद्धत ‘झीरो फिल’, एक फेरी, शेवटी पूर्ण व्हेरिफाय. वेळेचा हिशेब असा : १ टीबीची डिस्क सरासरी १२० एमबी प्रतिसेकंद लिहीत असेल तर ८,३३३ सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या वर. व्हेरिफायला पुन्हा तेवढेच. बाहेरच्या कडेला डिस्क वेगाने लिहिते आणि आतल्या बाजूला वेग जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत दाखवलेल्या अंदाजावर भरवसा नाही. यूएसबी २ च्या केसमधून हेच काम आठ तास खातं. डिस्क थेट साटा केबलवर लावावी.

एकच फेरी का, हा प्रश्न या कामात हटकून निघतो. ३५ फेऱ्यांची पद्धत पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातली. त्या फेऱ्या तेव्हाच्या वेगवेगळ्या एन्कोडिंग पद्धतींसाठी होत्या, एका डिस्कवर सगळ्या मारायच्या नव्हत्याच. खुद्द गटमन यांनी नंतर जोडलेल्या टिपणात आधुनिक डिस्कसाठी ३५ फेऱ्या निरर्थक असल्याचं लिहिलं आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेची २०१४ ची आवृत्ती एकदा लिहिलेलं शून्य पुरेसं मानते. १ टीबीवर ३५ फेऱ्या म्हणजे तीन दिवसांहून जास्त, आणि त्या वेळात सुरक्षिततेत काडीची भर नाही. तोच वेळ व्हेरिफायला द्यावा.

१० जून : खराब सेक्टरांची डिस्क

स्मार्टच्या तक्त्यात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यात) दोन ओळी बघायच्या : ५ क्रमांक, म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, आणि १९७, म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले. एका डिस्कवर १९७ मध्ये २४ होते. शून्य लिहिल्यावर १९७ शून्यावर आला आणि ५ मध्ये २४ दिसू लागले. म्हणजे लिहिताना कंट्रोलरने (डिस्कच्या आतल्या नियंत्रक चिपने) ते २४ बाद ठरवून राखीव जागा दिल्या. आपलं शून्य गेलं नव्या जागेवर. जुना मजकूर बाद सेक्टरांत तसाच राहिला, आणि आता तिथवर कुठलंही सॉफ्टवेअर पोचत नाही.

एक सेक्टर ५१२ बाइटचा, २४ गुणिले ५१२ म्हणजे १२ केबी. एक पासवर्डांची फाइल त्यात आरामात बसते. एनवाइपने मात्र हिरव्या अक्षरांत काम फत्ते दाखवलं, व्हेरिफायही पास झालं. कारण व्हेरिफाय नव्या जागा वाचतं.

यावर उपाय डिस्कमध्येच आहे : एटीए या ड्राइव्हच्या आदेशांच्या मानकातला ‘एन्हान्स्ड सिक्युअर इरेज’. तो कंट्रोलर स्वतः चालवतो, आणि बाद केलेले सेक्टरही पुसावेत असं मानकात आहे. ही डिस्क तशी पुसली, पण विक्रीच्या मशीनमध्ये परत लावली नाही. बाद सेक्टरांचा आकडा वाढत असलेली डिस्क विकणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणंच. ती फोडायच्या ढिगात.

१२ जून : साटा एसएसडी

इथे शून्य लिहिण्याची पद्धत मोडते. एसएसडीत, म्हणजे फ्लॅश चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, आपण दिलेला पत्ता आणि चिपवरची प्रत्यक्ष जागा यांच्यामध्ये कंट्रोलरचा तक्ता असतो. त्याच पत्त्यावर पुन्हा लिहिलं की नवा मजकूर दुसऱ्या पानावर (चिपवरच्या दुसऱ्या जागेत) जातो आणि जुनं पान ‘शिळं’ म्हणून पडून राहतं, कंट्रोलर सवडीने ते पुसेपर्यंत.

शिवाय न दिसणारी जागा. २५६ जीबीच्या पट्टीवर चिप असतात दोनाच्या घातांत, २७,४८७ कोटींहून जास्त बाइट. संगणकाला दिसतात सुमारे २५,६०० कोटी. उरलेले ७ टक्क्यांच्या वर कंट्रोलरकडे राखीव. पूर्ण ड्राइव्हवर शून्य लिहिलं तरी जवळपास १९ जीबी बाजूला राहू शकतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या मायकल वे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चिप सुट्या करून थेट वाचल्या. त्यांचा निष्कर्ष : पूर्ण ड्राइव्हवर दोनदा लिहिणं बहुतेक वेळा पुरतं, पण प्रत्येक वेळी नाही. एकच फाइल पुसण्याचे हार्ड डिस्कवरचे उपाय तर एसएसडीवर अजिबात चालत नाहीत. आणि ड्राइव्हचा आतला आदेश परिणामकारक असला तरी काही उत्पादकांनी तो चुकीचा बसवलेला सापडला.

म्हणून क्रम असा ठेवला. एचडीपार्मच्या मोठ्या ‘आय’ पर्यायाने माहिती काढायची आणि शेवटाकडचा ‘सिक्युरिटी’ हा भाग वाचायचा. तिथे ‘नॉट एनेबल्ड’, ‘नॉट लॉक्ड’, ‘नॉट फ्रोझन’ असं हवं. बहुतेक मशीनवर ‘फ्रोझन’ आलं. बूट होताना बायोसच ड्राइव्ह गोठवतो, कुणा व्हायरसने आदेश देऊ नये म्हणून. सोडवायला लाइव्ह लिनक्सवरून मशीन सस्पेंड करायचं, दहा सेकंदांनी जागं करायचं. जागं होताना बहुतेक बायोस पुन्हा गोठवायचं विसरतात आणि ‘नॉट फ्रोझन’ दिसतं.

मग ‘सिक्युरिटी-सेट-पास’ने तात्पुरता पासवर्ड आणि त्याच पासवर्डने ‘सिक्युरिटी-इरेज-एन्हान्स्ड’. पासवर्ड साधा, सगळ्या ड्राइव्हना एकच, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला. मधेच वीज गेली तर ड्राइव्ह कुलूपबंद अवस्थेत उठतो आणि त्याच पासवर्डशिवाय उघडत नाही. डेस्कटॉपना यूपीएस, लॅपटॉपना बॅटरी आणि चार्जर दोन्ही. काम पुरं झालं की पासवर्ड आपोआप निघतो. ‘नॉट एनेबल्ड’ परत दिसलं नाही तर पुसणं पूर्ण झालेलं नाही.

यूएसबी अडॅप्टरवरून हे करू नये. बरेच अडॅप्टर हा आदेश पुढे पाठवतच नाहीत, आणि पाठवला तरी उत्तराची वाट बघून जोडणी मधेच तुटते.

ज्यांना लिनक्स नको त्यांच्यासाठी : बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बायोसच्या ‘सिक्युरिटी’ पानावर ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘डिस्क वाइप’ असतं. ते हाच आदेश देतं.

१३ जून : एनव्हीएमई

काही लॅपटॉपवर लाइव्ह लिनक्सला ड्राइव्हच दिसेना. बायोसमध्ये साठवणुकीचा मोड ‘रेड’वर होता, तो ‘एएचसीआय’ केल्यावर दिसला. जुनी विंडोज त्यानंतर बूट होत नाही, म्हणून हा बदल बॅकअप पक्का झाल्यावरच.

साधन लिनक्समधलं एनव्हीएमई-सीएलआय. ‘आयडी-सीटीआरएल’च्या उत्तरातला ‘सॅनिकॅप’ आकडा बघायचा. ड्राइव्ह कोणकोणत्या प्रकारे पुसू शकतो ते त्यातून कळतं : त्याचा पहिला बिट किल्ली पुसणं (एन्क्रिप्शनची किल्ली गेली की डेटा वाचता येत नाही), दुसरा ब्लॉक पुसणं, तिसरा वरून लिहिणं. ३ आला तर पहिले दोन चालतात. ‘सॅनिटाइझ’ या पुसण्याच्या आदेशाला कृती २ दिली की ब्लॉक पुसले जातात, ४ दिली की फक्त एन्क्रिप्शनची किल्ली बदलते. कृती ३, वरून लिहिणं, फ्लॅशवर वापरू नये. वेळ जातो आणि चिप झिजते.

सॅनिटाइझचा मोठा फायदा असा की तो एकदा सुरू झाला की वीज गेली तरी, परत चालू केल्यावर तिथून पुढे चालतो, आणि पूर्ण होईपर्यंत ड्राइव्ह वाचू देत नाही. प्रगती ‘सॅनिटाइझ-लॉग’मध्ये. ‘एसप्रॉग’ ६५,५३५ आणि ‘एसस्टॅट’च्या शेवटच्या तीन बिटांत १ म्हणजे यशस्वी, २ म्हणजे चालू, ३ म्हणजे फसलं. नुसता ६५,५३५ बघून पुढे जायचं नाही. फसलेल्या ड्राइव्हवरही तो तसाच दिसतो.

सॅनिकॅप ० असलेल्या पट्ट्यांवर ‘फॉरमॅट’ आदेश, ‘एसईएस’ १ देऊन. एसईएस न दिल्यास तो ० धरला जातो आणि सुरक्षित पुसणं मागितलंच जात नाही. आदेशाचं नाव फॉरमॅट असल्याने इथे गल्लत फार सोपी आहे.

किल्ली पुसण्याच्या पद्धतीवर एकटीवर विसंबलेलो नाही. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक एसएसडींच्या हार्डवेअर एन्क्रिप्शनमधल्या त्रुटी उघड केल्या. त्या पासवर्ड आणि किल्ली यांच्या बांधणीतल्या होत्या, पण ड्राइव्हच्या आत किल्ली कशी हाताळली जाते ते बाहेरून दिसत नाही, हे त्यातून कळतंच. ब्लॉक पुसणं उपलब्ध असेल तिथे आधी तेच.

१६ जून : पडताळणी

सगळ्यात महत्त्वाचा दिवस, आणि सगळ्यात कंटाळवाणा.

हार्ड डिस्कसाठी लिनक्सच्या ‘सीएमपी’ आदेशाने पूर्ण डिस्क ‘झीरो’ उपकरणाशी (ते फक्त शून्यच देतं) ताडली. शेवटी डिस्कवर ‘ईओएफ’ (वाचायचं संपलं) आल्याचा संदेश आला तर शेवटच्या बाइटपर्यंत शून्य. ‘डिफर’ (फरक) आलं तर पुढे बाइटचा क्रमांक येतो, तिथे हेक्सडम्प (बाइट जसेच्या तसे दाखवणारं साधन) लावून काय उरलंय ते बघायचं. एका डिस्कवर ‘डिफर’ आलं ते अगदी सुरुवातीलाच, पहिल्याच सेक्टरमध्ये. पुसल्यानंतर ती विंडोजच्या मशीनला लावली होती आणि विचारलेल्या ‘इनिशिअलाइझ’ला होकार दिला गेला होता, त्यामुळे नवा पार्टिशन तक्ता लिहिला गेला. जुना डेटा नव्हे. तरी परत पुसली, कारण वहीत ‘पूर्ण शून्य’ लिहायचं तर पूर्ण शून्यच हवं.

एसएसडीवर हीच चाचणी दिशाभूल करू शकते. बऱ्याच एसएसडी ट्रिम झालेल्या (‘इथला डेटा आता नको’ असं संगणकाने कळवलेल्या) पत्त्यावर काही वाचायला गेलं की चिपकडे न बघता शून्य परत देतात. म्हणजे सगळीकडे शून्य वाचलं तरी चिप पुसल्या गेल्या, असं सिद्ध होत नाही. म्हणून पुसण्याआधीच पूर्ण ड्राइव्ह एका ठरावीक मजकुराने भरला होता, ट्रिम न करता. आदेशानंतर तो मजकूर पूर्ण ड्राइव्हभर शोधला. एकदाही सापडता कामा नये. हा भराव दुसऱ्या कारणानेही उपयोगी : चिपमधला उरलेला राखीव भाग सोडला, तर खऱ्या फाइल्सचा बराचसा भाग आदेशाआधीच गेलेला असतो. आदेश चुकीचा बसवलेला निघाला तरी हाती लागेल तो मुख्यतः आपला भराव.

एका साटा एसएसडीने ‘एन्हान्स्ड’ आदेश काही सेकंदांत ‘यशस्वी’ म्हणून संपवला आणि नंतर भराव जसाच्या तसा वाचता आला. साधा ‘सिक्युरिटी-इरेज’ देऊन बघितला, तो नीट चालला, भराव गेला. तरी पहिल्या आदेशाच्या उत्तरावर जो ड्राइव्ह खोटं बोलतो त्याच्या दुसऱ्या उत्तरावर विकण्याइतका भरवसा ठेवला नाही. फोडायच्या ढिगात.

वेळ नसेल तर पूर्ण वाचनाऐवजी नमुने घेता येतात : सुरुवात, शेवट आणि मधल्या यादृच्छिक जागा. शेवट विसरू नये. रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) नोंदी आणि जीपीटी या पार्टिशन तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राहतात.

१७ जून : मॅक आणि क्रोमबुक

टी२ ही सुरक्षा चिप किंवा ॲपल सिलिकॉन (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) असलेल्या मॅकवर मॅकओएस १२ पासून ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ आहे. तो फाइंड माय आणि आयक्लाउडमधून बाहेर काढतो आणि किल्ल्या नष्ट करतो. तिथे साठवणूक कायम एन्क्रिप्टेड असल्याने काही मिनिटांत काम होतं. नंतर इंटरनेट जोडून बघायचं : ॲक्टिव्हेशन लॉक आल्यास जुन्या मालकाच्या खात्यातून ते उपकरण काढणं बाकी आहे.

टी२ नसलेल्या जुन्या इंटेल मॅकवर आधी फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू करून एन्क्रिप्शन पूर्ण होऊ दिलं, आयक्लाउडमधून साइन आउट केलं, मग कमांड आणि आर दाबून रिकव्हरी. डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडून सगळ्यात वरची डिस्क पुसायची, खालचा व्हॉल्यूम नव्हे.

क्रोमबुक : साइन आउट करून कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट, आर, मग रीस्टार्ट आणि पॉवरवॉश (सगळं पुसून मूळ स्थितीत आणणं). संस्थेच्या नावावर असेल तर कन्सोलमधून डीप्रोव्हिजन (नोंद काढणं) आधी, नाहीतर पुन्हा संस्थेतच नोंदवून घेतं.

१९ जून : फोडायचा ढीग

बंद पडलेल्या, बाद सेक्टरांच्या आणि खोटं सांगणाऱ्या ड्राइव्ह. चष्मा आणि जाड हातमोजे आधी. ३.५ इंची डिस्कचं झाकण बहुधा टी८ टॉर्क्सने (ताऱ्याच्या आकाराच्या पेचकसाने) उघडतं, एक स्क्रू लेबलखाली दडलेला असतो. तबकड्या काढून वाकवल्या. लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, वाकवायला गेलं की तुकडे उडतात. त्या कापडी पिशवीत घालून हातोडीने.

एसएसडीत मधोमध एक भोक पाडून भागत नाही. डेटा अनेक चिपमध्ये विभागलेला असतो आणि न फुटलेली चिप वाचता येते. पट्टीच्या दोन्ही बाजूंची प्रत्येक काळी चिप फोडायची. चुंबकाचा इथे काहीही उपयोग नाही, फ्लॅशमध्ये चुंबकीय काही नसतंच. जाळायचं तर अजिबात नाही. तुकडे ई-कचऱ्यात.

२० जून : नवी विंडोज, सुपूर्द

टीपीएम (किल्ल्या साठवणारी सुरक्षा चिप) बायोसमधून क्लिअर केलं, बायोस मूळ सेटिंग्जवर आणला. रेड-एएचसीआय मोड मात्र विंडोज टाकण्याआधीच ठरवायचा.

विंडोज टाकल्यावर कीबोर्ड, कॅमेरा, वाय-फाय तपासायला स्वतःच्या खात्याने लॉग-इन करायचं नाही. पहिल्या सेटअपच्या स्क्रीनवर कंट्रोल, शिफ्ट, एफ३ दाबलं की ऑडिट मोड उघडतो, खातं न बनवता सगळं तपासता येतं. वाय-फायचा पासवर्ड टाकला असेल तर नेटवर्क ‘फरगेट’ करायचं. मग तिथेच उघडलेल्या सिसप्रेपच्या (विंडोज नव्या मालकासाठी तयार करणाऱ्या साधनाच्या) खिडकीत ‘आउट ऑफ बॉक्स’, ‘जनरलाइझ’ आणि ‘शटडाउन’ निवडून मशीन बंद. घेणाऱ्याने बटण दाबलं की भाषा आणि देश विचारणारा कोरा स्क्रीन समोर येईल.

वहीतल्या प्रत्येक ओळीत : मशीन, ड्राइव्हचा सीरियल, पद्धत, आदेशाचं उत्तर, पडताळणी कशी केली, तारीख, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही. दोन सह्या वेगळ्या माणसांच्या. दुसरी सही बाकी असलेले दोन लॅपटॉप आज दिले नाहीत, त्यांचं वाचन रात्रभर चालू ठेवलं आहे.